एकही माणूस न गमावता

कप्तानसाहेब गेले तेव्हा माझी बदली हिंगणघाटकडे होऊन गेली होती. सेवाग्रामच्या दवाखान्यात गेले, मग गावात आणले. पांढऱ्याशुभ्र कपड्यांतली नौदलाची पोरं आली, बिगूल वाजला, बंदुका झाल्या. हे सगळं मला आमच्या जुन्या शाळेतल्या स्वयंपाकीणबाईनं फोनवर सांगितलं. शेवटी ती म्हणाली, "मॅडम, सारं गाव आलतं. सुभद्रामाय तेवढी आली नाई." वर म्हणाली, "नाई आली तेच बरं झालं बाप्पा. आली असती तर लोकायलेच कसंतरी झालं असतं."

मला त्या गावात जाऊन आज बरीच वर्षं झाली. पण हे 'कसंतरी' काय ते मला नीट ठाऊक आहे. मीही ते अजून बाळगून आहे.

रोहण्याच्या पुढच्या एका लहान गावात मी शिक्षिका म्हणून रुजू झाले, तेव्हा राहायला खोली मिळेना. एकटी बाई, त्यातून माहेर सिंदी रेल्वेचं, म्हणजे त्यांच्या लेखी शहरातली. शेवटी सरपंच म्हणाले, "बोटीत राहता का?" मला थट्टा वाटली. पण गावाबाहेर, पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, वावरात, खरोखरच एक बोट उभी होती. सिमेंटचं बसकं घर, राखाडी रंगाचं, सपाट छताचं, छताला चहूबाजूंनी लोखंडी कठडा आणि भिंतींत गोल खिडक्या. गोल खिडक्या करताना आर्वीचा मिस्त्री दोनदा काम सोडून पळाला होता, असं गावात सांगत.

त्या घराचे मालक म्हणजे कप्तानसाहेब. ह्याच गावच्या पाटलाच्या घरातले. अठरा वर्षांचे होईपर्यंत त्यांनी समुद्र पाहिला नव्हता, आणि पुढे दोन विनाशिकांवर त्यांचा हुकूम चालला. विनाशिका म्हणजे काय हे त्यांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं. "मास्तरीणबाई, मोठी जहाजं म्हणजे हत्ती. विनाशिका म्हणजे शिकारी कुत्रा. पाणबुडीचा वास काढत पयते." एकाहत्तरच्या युद्धात अशाच एका विनाशिकेवर असताना त्यांना शौर्यपदक मिळालं होतं. ते पदक मात्र घरात कुठं दिसायचं नाही. ना भिंतीवर, ना कपाटात. युद्धाचं कोणी विचारलं तर ते एकदम पिकाचं बोलायला लागत.

ऐंशीच्या आसपासचं वय, उंच, काटक, पांढरे केस बारीक कापलेले. इतकी वर्षं मुंबईत आणि पाण्यावर काढूनही भाषा जशीच्या तशी वऱ्हाडी राहिली होती. रोज सकाळी छत धुणार. त्याला ते 'डेक' म्हणत. उन्हाळ्यात पाण्याची बोंब असली की वाळू टाकून खराट्यानं घासणार. वारा बदलला की खाली माझ्या दारावर टकटक करून सांगणार, "वारा उत्तरेचा झाला, कपडे काढून घेजा." बायको केव्हाच गेलेली, मुलगा परदेशात. स्वयंपाक स्वतः करत आणि भाजी कितीही खारट झाली तरी पानातलं टाकत नसत. रिक्षात बसले तर रिक्षावाल्याला सूचना चालूच असायच्या. "थोडं डावीकडं घे. अजून. बस. आता असाच चाल." एकदा रिक्षावाला वैतागून म्हणाला, "साहेब, तुमीच चालवा ना." साहेब खरंच पुढे बसले आणि रिक्षा नाल्यात घातली. त्यानंतर आठवडाभर ते त्या रिक्षावाल्याची नजर चुकवत होते.

त्यांचं खरं वेड मात्र पोहण्याचं. त्यांच्या वावरात एक ऐसपैस विहीर होती, पायऱ्यांची. गावातलं प्रत्येक पोर तिथं पोहायला शिकलंच पाहिजे, हा त्यांचा नियम. विहिरीच्या काठावर खुर्ची टाकून, गळ्यात शिट्टी अडकवून ते बसत. मुलींना पाठवायला बाया तयार नव्हत्या, तर घरोघर जाऊन भांडले. "बुडताना पाणी विचारते का, पोरगा हाय का पोरगी?" शेवटी मला म्हणाले, "मॅडमच उतरल्या तर पोरी उतरतील." आणि मी, तिशी उलटलेली बाई, पंजाबी ड्रेसवर, पाठीला रॉकेलचा रिकामा डबा बांधून त्या विहिरीत उतरले. सगळं गाव काठावर. मी गटांगळ्या खात होते आणि वरून आवाज येत होता, "बुडणारा माणूस वर पाह्यते मास्तरीणबाई! वर नका पाहू! समोर पाहा!" आठ-दहा दिवसांत मी पोहायला लागले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी सहज म्हटलं, "साहेब, आता बरोबर जमलं ना?"

"चालते," ते म्हणाले.

ते कधीच 'बरोबर' म्हणत नसत. ही गोष्ट माझ्या उशिरा लक्षात आली. मी ओसरीवर वह्या तपासत बसायचे, एखादं गणित त्यांना दाखवायचे, तर "जमलं" म्हणतील, "चालते" म्हणतील, पण 'बरोबर' नाही, आणि 'करेक्ट' तर त्याहून नाही. पोरं मोठ्यानं ओरडली, "मॅडम, करेक्ट?" की ते उठून आत जात.

दुसरी एक खोड गावाला खटकायची. गावात गजाननचं सलून होतं. चांगला हात होता त्याचा. आजूबाजूच्या गावांतून माणसं त्याच्याकडे येत. पण कप्तानसाहेब केस कापायला बसनं आर्वीला जात. एवढंच नाही, बाजाराला जाताना गजाननच्या घरावरून जाणारा सरळ रस्ता सोडून पार मारुतीच्या देवळाला वळसा घालून जात. लोक म्हणायचे, "पाटलाचा माज गेला नाई. गावचा न्हावी चालत नाई त्याईले." मलाही तसंच वाटायचं. सगळ्या जातींची पोरं एका विहिरीत उतरवणारा माणूस असा कसा, म्हणून मला त्यांचा रागही यायचा.

आणि गावात एक म्हण होती. मी आले त्याच आठवड्यात ऐकली होती. कोणी दारू पिऊन झुलत आला की त्याची माय नाहीतर बायको म्हणायची, "जाय, महादेवासारखा समुद्र पाहून येजो." मला वाटलं शंकराचं काही असेल, विष प्यायला वगैरे. शाळेत मी स्वयंपाकीणबाईला विचारलं. ती हसली. "देव नाई मॅडम. गजाननचा बाप. महादेव न्हावी. मुंबईले गेलता कप्तानाच्या वशिल्यानं. तिथं दारूत धक्क्यावरून समुद्रात पडला अन् मेला. गजानन पोटात होता तवा." गजाननच्या मायला, सुभद्रामायला, मी रोज पाहत होते. पाठीत वाकलेली, कमी बोलणारी. पाणवठ्यावर कोणी ती म्हण वापरली की ती आपली कळशी उचलून चालू लागायची.

त्या वर्षी शाळेला नवी कमान बांधायची ठरली आणि सरपंचांच्या डोक्यात आलं की कमानीला कप्तानसाहेबांचं नाव द्यायचं. सव्वीस जानेवारीला मोठा सत्कार. साहेबांच्या पुतण्यानं कुठून तरी पदकाबरोबर मिळालेलं मानपत्र पैदा केलं. त्याचं मराठी करायचं काम माझ्याकडे आलं, आणि ते वाचायला मी सातवीतली एक मुलगी निवडली. संध्याकाळी ती ओसरीवर सराव करत होती. आवाज खणखणीत होता तिचा. "शत्रूच्या पाणबुडीचा पाठलाग करून... अतुलनीय धैर्य दाखवून... एकही माणूस न गमावता त्यांनी आपली नौका सुखरूप बंदरात आणली."

आतून साहेब बाहेर आले. "बंद कर," म्हणाले. मुलगी घाबरली. त्यांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. "तुह्यं काई चुकलं नाई बेटा. घरी जाय."

रात्री त्यांच्याकडे चूल पेटली नाही. दुसऱ्या दिवशी रविवार होता. दुपारी त्यांनी मला छतावर बोलावलं. सगळीकडे पऱ्हाटी उभी होती, वेचणी झालेली, काळपट. कठड्याला धरून ते उभे होते. माझ्याकडे न बघता बोलायला लागले.

"महादेव दारू पेत नव्हता," ते म्हणाले.

मी कठड्याला टेकून उभी राहिले.

"गावात धंदा नाई म्हणून माह्याकडं आलता. माह्या क्वार्टरवर राहे. अफसर लोकायचे केस कापे. हात मोठा हलका होता त्याचा. लढाई लागली अन् आमाले एकदम निघा लागलं. जहाजावरचा न्हावी सुट्टीवर गेलता. मी महादेवाले म्हटलं, चाल. तो म्हणे, दादा, मले पोहता येत नाई. मी म्हटलं, जहाज पोहते लेका, तुले कायले पोहा लागते. कागद केले नाई. म्हटलं, आल्यावर करू. नियमात बसत नव्हतं ते. पण कप्तानाले कोण इचारते?"

खाली रस्त्यानं एक बैलबंडी गेली. ती दूर जाईपर्यंत ते थांबले.

"पाणबुडीच्या मागं होतो. असं डावीकडं, असं उजवीकडं, जोरात वयवा लागते जहाज. आडवं होते. महादेवाले उलट्या होत होत्या. खाली जीव घुसमटला म्हणून वर आला असंन. कठड्याशी गेला अन् जहाज वयलं, आडवं झालं. पाहाऱ्यावरचा पोरगा ओरडला, माणूस पाण्यात! मी पाह्यलं. हात वर होता त्याचा. थांबलो असतो तर पाणबुडीनं आमाले उभं मारलं असतं. वर इतकी पोरं होती. मी म्हटलं, पुढं चला."

"साहेब, तुम्ही दुसरं काय करणार होतात?" मी म्हटलं.

"तेच सांगून राह्यलो." ते माझ्याकडे वळले. "थांबलो नाई, याचं दुःख हाय, लाज नाई. पुन्हा तीच वेळ आली तं पुन्हा नाई थांबणार. पण मग सांज झाली. पाणबुडीचं काम झालं. माणसं मोजली. माह्या हाताखालचा अफसर आला, म्हणे, सर, यादीतले सगळे हजर, करेक्ट? त्याले माहीत होतं. माह्या डोयात पाहून राह्यलता. तवा वायरलेसवर सांगता आलं असतं. मागं आपलीच दुसरी जहाजं होती. माणूस पाण्यात हाय, एवढंच सांगा लागत होतं. पण माणूस म्हटलं की नाव इचारतात. नाव सांगतलं की कागद इचारतात. मी म्हटलं, करेक्ट."

वारा होता तरी त्यांच्या कपाळावर घाम आला होता.

"मग पदक भेटलं. मग मीच गावात आलो, युनिफॉर्म घालून. सुभद्राले सांगतलं, धक्क्यावरून पाय घसरला. दारूचं मी नाई सांगतलं. ते गावानं जोडलं. पण मी आयकलं अन् खोडलं नाई. मले सोयीचं होतं ना. चाळीस वर्सं ते पोरगं दारुड्याचं पोरगं म्हणून जगलं."

माझ्या मनात एकच येत होतं, की काल ते वाक्य मी किती हौसेनं मराठी केलं होतं. 'एकही माणूस न गमावता'. दोनदा खोडून, चांगला शब्द शोधून.

"माह्यासंग चाल," ते म्हणाले. "एकट्यानं तिथवर माहे पाय जात नाई. कितीकदा निघालो अन् देवळाकडं वयलो."

गजाननचं सलून घराच्याच पुढच्या खोलीत. खुर्चीवर गिऱ्हाईक होतं, गालाला साबण लावलेलं. साहेबांना दारात पाहून गजाननचा हात थांबला. सुभद्रामाय अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. तिनं पदर सावरला, बाज सरकवली. "बसा साहेब. आज इकडं कसे?"

साहेब बसले नाहीत. उभ्यानंच त्यांनी सगळं सांगितलं. मला सांगितलं त्याहून कमी शब्दांत, आणि स्वतःला कुठं न वाचवता. पाणबुडीचं तर त्यांनी फारसं सांगितलंच नाही. यादीत नाव नव्हतं ते सांगितलं, वायरलेसचं सांगितलं, 'करेक्ट' सांगितलं.

सुभद्रामायच्या हातात शेंग तशीच राहिली. तिनं विचारलं, "पेला नव्हता?"

"नाई."

"धक्क्यावरून नाई पडला?"

"नाई."

"हात वर होता म्हणता?"

"होता."

तिनं शेंग सुपात ठेवली. "मी त्याले शिव्या देल्या," ती म्हणाली. आवाज अगदी साधा होता. "पोरगं झालं तवा देल्या. तापानं फणफणलं तवा देल्या. लोकं म्हणे, दारुड्याचं काय श्राद्ध करतं, तं मी म्हटलं, खरं हाय. एक घास नाई टाकला त्याच्या नावानं. तुमी आता काऊन सांगता साहेब? तुमचं वझं उतरलं. माह्यं चढवलं."

साहेब मान खाली घालून उभे होते. गजानन वस्तरा हातात घेऊन दारात आला होता. त्यानं सगळं ऐकलं होतं. तो वळला, आत गेला, आणि त्या गिऱ्हाईकाची दाढी करायला लागला. वस्तऱ्याचा खरखर आवाज अंगणापर्यंत येत होता. मला तिथून पळून जावंसं वाटलं.

"मले माफ कर असं नाई म्हणत," साहेब म्हणाले.

"म्हणूच नका." सुभद्रामायनं पुन्हा शेंग उचलली. "अन् मले कायले सांगता? मी कुठं त्याले दारुड्या म्हटलं होतं पयले? गाव म्हणे. गावाले सांगा."

सव्वीस जानेवारीला साहेब युनिफॉर्म घालून आले. इतक्या वर्षांत गावानं तो पाहिला नव्हता. अंगाला ढगळ झाला होता, पण इस्त्री कडक. छातीवर पदकं. लोक हरखून गेले. ते वाक्य मी मानपत्रातून काढून टाकलं होतं. पण सरपंचांच्या हातात पुतण्यानं दिलेला मूळ कागद होता आणि त्यांनी भाषणात तेच वाक्य घेतलं. "एकही माणूस न गमावता! एकही!" टाळ्या पडल्या.

साहेब माईकपुढे उभे राहिले. कागद नव्हता. वऱ्हाडीतच बोलले. "हे आत्ता वाचलं ते खोटं हाय. एक माणूस गेलता. तो तुमचाच होता. महादेव." मग सगळं सांगितलं. महादेवला पोहता येत नव्हतं. तो प्यायलेला नव्हता. त्याला जहाजावर मी नेलं. त्याचं नाव मी बुडवलं. पुढे बसलेली पोरं तोंड उघडी टाकून ऐकत होती. बायांच्या घोळक्यात चुळबूळ झाली आणि थांबली. ज्या म्हाताऱ्यांनी ती म्हण गावभर केली होती, ते जमिनीकडे पाहू लागले. मला वाटलं, आता काहीतरी होईल. कोणीतरी उठेल, गजाननपाशी जाईल.

झालं ते निराळंच. सरपंचांनी घाईघाईनं माईक घेतला. "पाहा! केवढं मोठं मन! एवढ्या मोठ्या माणसानं, एका गरीब माणसाची चाळीस वर्सं आठवण ठेवली! जोरदार टाळ्या झाल्या पायजे!"

आणि गाव सुटल्यासारखं टाळ्या वाजवायला लागलं. जमिनीकडे पाहणारे म्हातारेसुद्धा. त्या टाळ्यांमध्ये केवढी सुटका होती! साहेब ओरडले, "टाळ्या बंद करा!" लोकांना तो विनय वाटला. टाळ्या वाढल्या. मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि मान वळवली. भर सभेत कोणी एखाद्याचे कपडे काढावेत तसा तो चेहरा झाला होता.

तेवढ्यात बायांतून सुभद्रामाय उठली. तिला माईक लागला नाही. ती उभी राहिली तशी जवळच्या बाया गप्प झाल्या, मग त्यांच्या मागच्या, मग सगळेच.

"कायच्या टाळ्या वाजवून राह्यले?" ती म्हणाली. "माहा माणूस मेला त्याच्या, का यानं खोटं सांगतलं त्याच्या? का तुमी त्याले दारुड्या म्हटलं त्याच्या?"

साहेब मंचावरून उतरले. तिच्यापाशी गेले, छातीवरचं पदक काढलं आणि पुढे धरलं. तिनं त्याच्याकडे पाहिलं. "हे काय करू मी? कानात घालू?"

ती चालू लागली. गजानन मागोमाग गेला. मुख्याध्यापकांनी माझ्याकडे पाहून खूण केली आणि आम्ही पोरांना लाडू वाटायला लागलो. पोरं लाडू खाऊ लागली. पाच-दहा मिनिटांनी मंडपात पुन्हा नेहमीसारखा गलका होता. त्या गलक्यानं मला जेवढं मेल्याहून मेल्यासारखं वाटलं तेवढं आधीच्या शांततेनं वाटलं नव्हतं.

कमानीला नाव कोणाचं द्यायचं यावर मग गावात कोणी बोलेना. महादेवचं द्या, असं साहेबांनी सुचवलं, तर लोक म्हणाले, पाहू. शेवटी 'सुस्वागतम' लिहिलं. साहेबांनी नौदलातल्या वरच्या लोकांना सगळं कळवलं, असं मला त्यांनीच सांगितलं. पुढे काय झालं ते मी विचारलं नाही. विहिरीवर पोरं येत राहिली, साहेब मात्र शिट्टी वाजवायचे नाहीत, नुसते बघत बसायचे. गावात त्यांचा मान कमी झाला नाही, उलट वाढला. तेच त्यांना सोसत नव्हतं. कोणी वाकून नमस्कार केला की ते पाय मागे घेत.

उन्हाळ्याच्या तोंडी सुभद्रामायनं नवऱ्याचं श्राद्ध करायचं ठरवलं. वर्धा नदीवर. तिनं मला बोलावलं, "तुमी आयकलं होतं त्या दिवशी, तुमी या." साहेबांना बोलावलं नव्हतं. पण आम्ही पोचलो तर ते आधीच तिथं होते, पहाटेच पायी निघून आलेले, लांब एका खडकावर, साध्या पांढऱ्या कपड्यांत, टोपी हातात घेऊन. नदीला पाणी कमी होतं. मधे वाळूची बेटं उघडी पडली होती.

विधी सुरू होण्याआधी ते जवळ आले. चाचरत म्हणाले, "सुभद्राबाई, ही नदी उलटीकडं जाते. बंगालच्या समुद्राले भेटते. महादेव तिकडं नाई. तो मुंबईकडच्या समुद्रात..."

सुभद्रामायनं त्यांच्याकडे पाहिलं. राग नव्हता तिच्या नजरेत. कंटाळा होता. "साहेब, पाणी पाण्याले भेटते. इतकं तं मलेही समजते."

गजानन डोकं करायला बसला. त्याचा चुलतभाऊ वस्तरा चालवत होता. केस वाळूवर पडत होते. त्याचं झालं, तो उठला, तर त्याच्या जागेवर साहेब येऊन बसले. मान पुढे करून.

चुलतभावाला काय करावं कळेना. गजानन वळला. इतक्या महिन्यांत तो त्यांच्याशी पहिल्यांदा बोलला. "तुमी काऊन बसले?"

"मी त्याचा कप्तान होतो."

"कप्तान असते," गजानन म्हणाला, "तं माणूस मोजला असता."

तो ओरडला नाही, अंगावर गेला नाही. चुलतभावाच्या हातातला वस्तरा घेतला, मिटला आणि खिशात ठेवला. साहेब हात टेकून उठायला लागले. गुडघे उठू देत नव्हते. मी पुढे झाले, पण त्यांनी हातानंच मला थांबवलं. कसेबसे उभे राहिले आणि खडकाकडे निघाले.

"थांबा," सुभद्रामाय म्हणाली.

ते थांबले.

"नाव तुमी घ्या त्याचं. आमी चाळीस वर्सं नाई घेतलं, लाजेनं. तुमीही नाई घेतलं. आज तुमी घ्या. पाण्याकडं तोंड करून."

साहेब पाण्याच्या कडेला गेले. त्यांनी तोंड उघडलं. काहीतरी पुटपुटल्यासारखं झालं.

"आयकू नाई आलं," सुभद्रामाय म्हणाली.

मग त्यांनी पाय जुळवले, हात अंगाला लावले आणि नाव घेतलं. पूर्ण नाव, बापाच्या नावासकट, आणि शेवटी "न्हावी". असा आवाज मी त्यांच्या तोंडून कधीच ऐकला नव्हता. वारा, इंजिनं आणि पाणी ह्यांच्यावरून जाणारा तो आवाज होता. पलीकडच्या काठावर बकऱ्या चारणारा माणूस दचकून उभा राहिला. हजेरी घेताना थांबतात तसे ते थांबले. पुन्हा नाव घेतलं. पुन्हा थांबले. आम्ही सगळे नदीकडे बघत होतो, जणू कोणी ओ देणार आहे. साहेबांची पाठ ताठ होती आणि खांदे हलत होते.

किती वेळ ते तसे उभे राहिले असते कोण जाणे. त्यांच्यापाशी जावं असं आमच्यापैकी कोणालाच वाटलं नाही, आणि मान फिरवावी असंही वाटलं नाही.

शेवटी सुभद्रामाय पाण्यात उतरली, ताटातला पिंड सोडला, हात धुतले, वर आली.

"चला," ती गजाननला म्हणाली. "ऊन तापून राह्यलं. अन् त्याईलेही घ्या संगं, इतक्या दूर पायी कसे जातीन."